पाचावरचा डाग

आठही डोळ्यांत डाग होता, आणि तो एकाच जागी होता. संस्थेच्या मुख्य बाईंनी माझे आठ नमुने पांढऱ्या कापडावर ओळीने मांडले होते, शेजारी भिंग, आणि भिंगाशेजारी आठ फोटो. फोटो त्या आठ माणसांच्या शाबूत डोळ्यांचे. मी नोकरीवर हजर होऊन जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. कोट अजून खुर्चीच्या पाठीवरच होता, कारण माझी खुंटी कोणती ते कोणी सांगितलं नव्हतं. 'बुबुळ म्हणजे घड्याळ समजा,' बाई म्हणाल्या, 'आणि पाच वाजतात तिथे बघा.' मी बघितलं. पहिल्या डोळ्यात, बुबुळाच्या तपकिरी रंगात, पाचाच्या जागी एक गडद ठिपका होता, मोहरीच्या दाण्याहून बारीक, बाहेरच्या बाजूला जरासा ओघळलेला. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात होता. चौथ्यापासून मी भिंग लावलंच नाही, कारण तो आता तसाच दिसायला लागला होता, आणि एकदा दिसायला लागल्यावर दुसरं काही दिसेना. 'यातले चार डावे आहेत, चार उजवे,' बाई म्हणाल्या. 'निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. आणि फोटोत बघा, हा डाग एकालाही नाही.' मी फोटो बघितले. एकालाही नव्हता. 'कोणाचा आहे हा?' त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आपण वहीवर पडलेल्या शाईबद्दल विचारतो तसं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते अगदी खरं होतं.

मी कृत्रिम डोळे करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग स्वतःच्या पापणीला हात लावतात. ज्याचा एक डोळा अपघाताने किंवा आजाराने गेला त्याच्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरा गोटा करायचा, त्यावर बुबुळ रंगवायचं, लाल रेशमाचे तंतू सुटे करून शिरा चिकटवायच्या, वरून पारदर्शक थर चढवायचा, शिजवायचं, घासायचं. यातलं बुबुळ रंगवणं हे खरं काम. पेशंटच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि त्याच्या दुसऱ्या, जित्या डोळ्याकडे बघत राहायचं. मामाने मला हे शिकवलं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, बाबांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मी मामा-मामीकडे वाढले. दोन खोल्यांत घर, आणि खालच्या दोन खोल्यांत कारखाना. मामा दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचा आणि जेवताना मामीने नवा चष्मा घेतलेला त्याला आठ दिवस कळायचा नाही. 'तुझ्या मामाला परक्याच्या डोळ्यातली शीर दिसते, घरातली बायको दिसत नाही,' मामी म्हणायची, आणि मामा विचारायचा, 'कुठला चष्मा?' पण कामात तो कसाई होता. माझी एक शीर वाकडी गेली तर अख्खा डोळा हातोडीखाली घालायचा आणि म्हणायचा, 'बघून कर. मनाने करू नकोस. मनाने करायचं तर चित्रकार हो.' सहा वर्षं मी बघून करत होते. निदान अशी माझी समजूत होती. आमच्या गावात, आसपासच्या चार गावांत, एकशे बारा माणसं माझ्या हातचे डोळे लावून हिंडत होती, आणि मला मनातून त्याचा गर्व होता. परदेशातल्या या संस्थेची जाहिरात आली, तेव्हा मामाने स्वतः अर्ज भरला. प्रत्येक पेशंटचे आम्ही दोन डोळे करतो, एक द्यायचा आणि एक कपाटात ठेवायचा, कारण माणसं डोळा हातात धरून शिंकतात आणि तो मोरीत जातो. अर्जासोबत पाठवायचे आठ नमुने त्या कपाटातून मामानेच निवडले. निवडायला त्याने दोन रविवार घालवले. मी म्हटलं, कोणतेही दे ना, सगळे चांगलेच आहेत.

'तुमचा हात फार चांगला आहे,' बाई म्हणाल्या. 'शिरा बघून मी तुम्हाला बोलावलं. अशा शिरा इथे मला सुद्धा येत नाहीत. पण हात असणं वेगळं आणि बघता येणं वेगळं. उद्या नऊ वाजता एक शिक्षक येणार आहेत, ते तुम्ही करा. डाग आला तर तुम्हाला घासायच्या टेबलावर बसवावं लागेल. पगार तोच राहील. रंगाला मात्र हात लावायचा नाही.' एवढं बोलून त्यांनी मला माझी खुंटी दाखवली, तिसरी, खिडकीजवळची. मी कोट अडकवला. हात इतके स्थिर होते की मलाच त्यांची भीती वाटली. हे हात माझ्या मनगटाला जोडलेले होते, मी त्यांना साबण लावत होते, नखं कापत होते, आणि ते सहा वर्षं माझ्या देखत मला न विचारता काहीतरी करत होते. नोकर चोरी करतो तेव्हा मालकाला निदान भांडी मोजून कळतं. मी एकशे बारा वेळा मोजलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

मी प्रसाधनगृहात गेले आणि गार पाण्याखाली मनगटं धरली. आरसा मोठा होता, दिवे पांढरे आणि निष्ठुर. मी माझे डोळे बघितले, आधी डावा, मग उजवा, पापणी बोटाने खाली ओढून. पाचाच्या जागी काही नव्हतं. माझे डोळे बाबांचे आहेत, एकरंगी, सरळ, कंटाळवाणे. मामा म्हणायचा, तुझा डोळा जायचा असेल तर काळजी नको, अर्ध्या दिवसाचं काम आहे. म्हणजे डाग माझा नव्हता. मग मामाचा? मामाच्या डोळ्यांसमोर मी हात बसवायला कित्येक महिने बसले होते. पण मामाचे डोळे मी न बघता रंगवू शकते, त्यात उजवीकडे एक फिकट पट्टा आहे आणि डाग नाही. मला एकेक पेशंट आठवायला लागला. पहिल्या वर्षी केलेला टपालातला शिक्के मारणारा माणूस. शिवणकाम करणारी ती बाई, जिला कात्री लागली होती. लग्न ठरलेली एक मुलगी, जिच्या आईने माझे हात हातात घेऊन मला म्हटलं होतं, पोरी, तू माझ्या लेकीचं तोंड परत दिलंस. मी काय परत दिलं होतं? त्या मुलीच्या चेहऱ्यात मी कोणाचा तरी ठिपका ठेवून दिला होता, आणि ती तो घेऊन सासरी गेली होती. नळ मी बंद केला तेव्हा बोटं बधिर झाली होती. बाहेर घासायच्या टेबलावरचा जाडा माणूस शीळ घालत होता. त्याने माझ्याकडे बघून शेजारच्या रिकाम्या स्टुलावरची धूळ फडक्याने पुसली आणि म्हणाला, 'इथेही वाईट नसतं हो. रेडिओ आहे.' बातमी पसरली होती. त्याने ते चांगुलपणाने म्हटलं होतं, त्यामुळे जास्त लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या लोखंडी जिन्यावर उभं राहून मामाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होत आली असणार. फोनमध्ये मामाच्या घासायच्या चाकाची घरघर ऐकू येत होती.

'जेवलीस का?' मामाने विचारलं. जगबुडी आली तरी त्याचा पहिला प्रश्न हाच.

'मामा, मी केलेल्या डोळ्यांत डाग आहे. पाचावर. सगळ्यांत.'

चाक बंद झालं. ते थांबायला वेळ लागतो, आवाज बारीक होत होत जातो. तो पुरता थांबल्यावर मामा बोलला.

'किती वेळात कळलं त्यांना?'

'कोणाला?'

'तिथे ज्यांनी सांगितलं त्यांना.'

'बाईंना? नमुन्यांची पेटी उघडली तेव्हाच कळलं असेल. मला आज सांगितलं.'

'जाणत्या आहेत,' मामा म्हणाला.

मी जिन्याच्या कठड्याला धरलं. लोखंड गार होतं आणि त्याचा रंग पोपडे होऊन हाताला लागत होता. एवढ्यानेच मला कळलं होतं, तरी मी विचारलं. 'तुला माहीत होतं?'

'हो.'

'कधीपासून?'

'तू तो टपालातल्या माणसाचा केलास तेव्हापासून. तुझा तिसरा की चौथा.'

'एक शीर वाकडी गेली तर फोडायचास. शेवटचा हात तूच फिरवायचास प्रत्येकावर. तुझ्या हाताखालून गेलेत ते सगळे.'

'गेलेत,' मामा म्हणाला. 'ताईचा आहे तो.'

मला आधी कळलंच नाही कोण ताई. मामाला एकच बहीण होती.

'तुझ्या आईच्या डाव्या डोळ्यात होता,' मामा सांगायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. 'जन्मापासूनचा. आम्ही तिला चिडवायचो लहानपणी, ताई, तुझ्या डोळ्यात चहा सांडलाय, पूस. मग ती मला झोडपायची. तू तो टपालवाल्याचा डोळा आणून माझ्या टेबलावर ठेवलास, आणि मी भिंग लावलं, आणि ताई. मला वाटलं, पोरीला आईचा डोळा आठवतोय, मुद्दाम केलंय. उद्या बोलू, असं म्हणून मी तो घासून ठेवला. दुसऱ्यातही तोच. मग लक्षात आलं, तुला पत्ताच नाही. मग तर सांगणं जमेना. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस.'

'थांबायलाच हवं होतं.'

'हवंच होतं. धंद्यात याला माफी नाही, मला सांगू नकोस ते. बाजारात गेलो ना, बाळ, की कोणीतरी भेटतं. तो टपालवाला भेटतो, ती शिवणवाली भेटते. डोळा कसा बसलाय, टोचत नाही ना, असं विचारतो मी. जरा जास्तच वेळ बोलतो त्यांच्याशी. टपालवाल्याला वाटतं मी फार प्रेमळ माणूस आहे.'

'आणि नमुने तूच निवडलेस.'

'मीच निवडले. डाग ठळक असलेले निवडले. म्हटलं, तिथे कोणीतरी बघणारं असेल. कोणीतरी तुला सांगायला हवं होतं आणि माझ्याने होत नव्हतं.'

मी दोन विमानं बदलून, एका सुटकेसमध्ये अख्खं आयुष्य कोंबून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढ्यासारखी बातमी वाटून इथे आले होते, की भाची परदेशी चालली, मोठ्या संस्थेत, हुशारीवर. मामाने मला निरोप देताना काचेपलीकडून बराच वेळ हात हलवला होता, आणि मी समजले होते की त्याला अभिमान वाटतोय. त्याने मला पाठवलं होतं ते एक वाक्य ऐकायला, जे त्याला सहा वर्षं जेवणाच्या ताटावर म्हणता आलं असतं. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढे जिन्याच्या पायऱ्या वरखाली झाल्या. मग तो म्हणाला, 'उद्याचं काम नीट कर. समोरच्या माणसाकडे बघ. दुसरीकडे बघू नकोस,' आणि त्याचा आवाज असा आला की मला रागही धड धरता येईना. मी फोन बंद केला. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

माझ्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक विजेची शेगडी आणि भिंतीत बसवलेलं कपाट आहे, ज्याचं दार उघडलं की खोलीचं दार उघडत नाही. कामावरून आल्यावर मी दोन्ही दारं बंद करून टेबलाशी बसले. बाहेर अजून उजेड होता, समोरच्या इमारतीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. मी लहानपणापासून एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही: मला आईचा चेहरा आठवत नाही. सात वर्षांच्या मुलीला आठवायला पाहिजे. इतरांना तीन वर्षांचं असतानाचं आठवतं, आजोबांच्या मिशा आठवतात, मला सात वर्षांचं आठवत नाही. आईची चप्पल आठवते. कपाटातला तिच्या कपड्यांचा वास आठवतो, ती शेजारच्या खोलीत खोकायची ते आठवतं. चेहऱ्याच्या जागी काही नाही. फोटो तीन आहेत. एकात तिने नेमके डोळे मिटलेत, एकात उन्हाने बारीक केलेत, आणि तिसऱ्यात ती खाली बघतेय, मांडीवरच्या माझ्याकडे. शाळेत आईवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी मामीचा चेहरा लिहिला आणि मला दहापैकी नऊ मिळाले. वीस-बावीस वर्षांची होईपर्यंत मी रस्त्यातल्या बायकांच्या तोंडाकडे बघत हिंडायचे, की एखादीत काहीतरी ओळखीचं सापडेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मामीची आवडती म्हण. कळसा माझ्या हातातच होता, आणि मी तो लोकांना वाटत सुटले होते.

मी कागद घेतला आणि ठरवून तो डोळा काढायला गेले. आला नाही. आठवून काढलेला ठिपका ठिपकाच राहिला. पेन्सिल खाली ठेवली, आणि सतरंजीची धूळ उजेडात तरंगताना बघत राहिले, आणि तेव्हा मला ते कळलं. माझ्या डोळ्यात नेहमी काहीतरी जायचं, मी धुळीत लोळणारी मुलगी होते. मग आई मला खिडकीशी धरायची, पापणी दोन बोटांनी उघडायची, 'हलू नकोस, हलू नकोस, दिसलं,' म्हणायची आणि फुंकर मारायची. तिचा चेहरा इतका जवळ यायचा की चेहरा दिसायचाच नाही. इतक्या जवळून नाक दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, एकच डोळा दिसतो, प्रचंड मोठा, आणि पाण्यातून बघत असल्यामुळे त्यातला डाग जरासा ओघळलेला. मी आईचा चेहरा विसरले नव्हते. मी तो फारसा बघितलाच नव्हता, मी हे बघितलं होतं. आणि मोठी होऊन मी बरोबर त्याच अंतरावर बसायचा धंदा निवडला, आणि समोर जो बसेल त्याच्या डोळ्यात तिला बघत राहिले. मला धक्का बसला म्हणतात तसा तो सकाळी बसला नव्हता; सकाळी नुसती अब्रू गेली होती. आता बसला. मी जेवले नाही, रडले नाही, टेबलाची कड धरून बसून राहिले, आणि एकच विचार पुन्हा पुन्हा येत राहिला, की एकोणीस वर्षांनी आई सापडली आणि उद्या नऊ वाजता तिला काढून टाकायचंय.

शिक्षक नऊला दहा मिनिटं असतानाच आले. गणित शिकवायचे, पन्नाशीचे, कोटाच्या बाहीला खडू. प्रयोगशाळेत काच फुटून उजवा डोळा गेला होता. 'चांगल्या बाजूच्या बाकांवरची पोरं बिचारी शहाणी झालीत,' ते म्हणाले, 'वाईट बाजूच्यांनी नाटक कंपनी काढलीय. सोमवारी मला दोन्ही डोळे घेऊन वर्गात जायचंय. एकाने दिसत नाही हे त्यांना कळता कामा नये.' मी गुडघ्याला गुडघा लावून बसले. बाई मागे उभ्या होत्या. पांढरा गोटा आणि शिरा तयार होत्या, बुबुळ तेवढं माझं. तपकिरीचा पहिला थर दिला, मग कडेचा काळसर पट्टा, मग बाहुलीभोवतीचा उजळ रंग. हात सुरेख चालला होता. मग तो पाचाकडे वळला. मी तो वळताना बघितला. सहा वर्षांत पहिल्यांदाच बघितला. ब्रश आपण होऊन गडद रंगात बुडला, टोकावर निथळला, आणि मी काही करायच्या आत ठिपका बसलाही होता, बाहेरच्या बाजूला जरासा ओघळून. कालच्या कागदावर जो येत नव्हता तो हा. अगदी हाच. आई माझ्याकडे बघत होती, वीतभर अंतरावरून. मागे बाईंचा श्वास ऐकू आला.

मी शिक्षकांच्या डाव्या डोळ्याकडे बघितलं. तिथे, माझ्या बाजूने पाच वाजतात तिथे, काहीच नव्हतं. म्हणजे डाग नव्हता, पण काहीतरी होतं, राखी रंगाची एक अंधुक रेघ, वर चढत गेलेली, आणि तिच्याशेजारी जरा मळकं पिवळं. ते माझं काम होतं. ते या माणसाचं होतं, याच्या आईने जन्माला घातलेलं, आणि हा ते घेऊन सोमवारी वर्गात जाणार होता. कापसाचा बोळा द्रावणात बुडवला आणि ठिपक्यावर टेकवला. रंग ओला होता. एका फटक्यात निघाला, बोळ्यावर नुसता तपकिरी डाग राहिला, कोणाचाही असेल असा. डाव्या डोळ्यात जिथे रेघ दिसते ती उजव्या डोळ्यात कुठे जाईल याचा मी हिशेब केला, आणि तिथे ती रेघ काढली. मग पिवळं भरलं. हात जड झाला होता, शिकाऊ माणसासारखा, एकेका रेघेला विचार करून चालत होता. मी एवढं हळू काम कधीच केलेलं नाही.

वरचा थर चढवून, शिजवून, घासून व्हायला दुपार झाली. घासणाऱ्या जाड्या माणसाने डोळा माझ्या हातात देताना स्टुलाकडे मान उडवली आणि म्हणाला, 'गेलं माझं गिऱ्हाईक.' बाईंनी शिक्षकांची पापणी उचलून डोळा बसवला, मागे सरकल्या, खिडकीच्या उजेडात एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. 'बरोबर,' त्या म्हणाल्या. 'आता बघता तुम्ही.' शिक्षकांनी आरसा घेतला. बराच वेळ बघितलं. मग आरसा खाली ठेवून त्यांनी दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. माझे सगळे पेशंट या क्षणी मला फार आपले वाटायचे. मला वाटायचं, ते माझं कामावरचं प्रेम आहे. समोर एक भला माणूस बसला होता, खडूच्या बाहीचा, आणि मी त्याला ओळखत नव्हते. त्याच्या डोळ्यांतून तोच बघत होता, दुसरं कोणी नाही.

'आता डोळे मिटले तर चालेल ना?' त्यांनी विचारलं. 'सकाळपासून ताठ धरलेत.'

'चालेल,' मी म्हटलं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. लहान आहे, तिला काही कळलं नाही, असं सगळे एकमेकांना सांगत होते, आणि खरंच मला काही कळलं नव्हतं. आई गेल्याचं मला आज कळलं, या खोलीत, हातात ब्रश असताना, आणि बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.